‘कॉलेजात तक्रार करू नका’ या मेसेजला माझं उत्तर

प्रवेशांचे दिवस आले की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला एकाच आठवड्यात तीनदा आला. एकदा शहाद्याच्या भाच्याने पाठवला, एकदा माजी विद्यार्थ्यांच्या गटात आला आणि तिसऱ्यांदा, वाईट वाटलं ते याचं, एका प्राध्यापकानेच पाठवला. मजकूर थोडक्यात असा:

“पोरांनो, कॉलेजात तक्रार करू नका. समिती कॉलेजचीच असते, कोणी ऐकत नाही. तक्रार केली की इंटर्नलचे मार्क कापतात. प्राचार्यांनी काढलं की वर दाद नाही. पूर्ण फी भरल्याशिवाय कागद मिळत नाहीत, तो कॉलेजचा हक्क आहे. मुलीने तक्रार केली तर तिचंच नाव गावभर होतं. त्यापेक्षा आपल्या भाऊंना फोन लावा, पाच मिनिटांत काम होतं.”

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सव्वीस वर्षं शिकवलं. त्यातली काही वर्षं शिस्त समितीवर होतो, काही वर्षं तक्रार निवारण समितीवर. त्यामुळे हा मेसेज कोणत्या अनुभवातून आला असेल ते मला कळतं. ‘आपलं कोन ऐकस भो?’ हे वाक्य मी वऱ्हांड्यात शेकडो वेळा ऐकलं आहे. तरीही मेसेजमधल्या सहा दाव्यांपैकी एकही जसाच्या तसा खरा नाही, आणि शेवटचा तर मुलांचं सरळ नुकसान करणारा आहे.

“समिती कॉलेजचीच असते, कोणी ऐकत नाही”

पहिला अर्धा भाग खरा. विद्यापीठ अनुदान आयोगाने ११ एप्रिल २०२३ रोजी विद्यार्थी तक्रार निवारणाचे नवे विनियम काढले, २०१९ चे जुने विनियम रद्द झाले. त्यांनुसार समितीवर एक प्राध्यापक अध्यक्ष आणि चार ज्येष्ठ शिक्षक असतात. एक विद्यार्थी प्रतिनिधी असतो, पण विशेष निमंत्रित म्हणून. अध्यक्ष आणि सदस्यांत किमान एक स्त्री हवी, आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातली किमान एक व्यक्ती हवी. म्हणजे बसणारी माणसं कॉलेजचीच, हे कबूल.

पण त्याच विनियमांत समितीच्या हाताला मुदत बांधून दिली आहे. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत समितीने शिफारशींसह अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत तक्रारदारालाही द्यायची. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. हा लोकपाल निवृत्त कुलगुरू, अनुभवी निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असावा लागतो. संलग्न कॉलेजांतली मुलंही त्याच्याकडे जाऊ शकतात. त्याने ३० दिवसांत निकाली काढावं, अशी अपेक्षा आहे.

सगळीकडे हे नीट चालतं असं मी म्हणणार नाही. जून २०२४ मध्ये आयोगालाच लोकपाल न नेमणाऱ्या १५७ विद्यापीठांची यादी जाहीर करावी लागली. ही नामुष्कीच होती. पण समितीपुढे तक्रार का टिकत नाही, याचं मी जवळून पाहिलेलं कारण वेगळं आहे. तक्रार समितीपर्यंत पोचतच नाही.

आमच्या समितीची वर्षअखेरीची बैठक मला अजून आठवते. इतिवृत्तात एक ओळ तयार असायची: ‘चालू वर्षात एकही तक्रार प्राप्त झाली नाही.’ कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीला तो कागद लागायचा. त्याच वर्षी वसतिगृहात उन्हाळ्यात आठवडाभर पाणी नव्हतं, एका विषयाची निम्मी प्रॅक्टिकलं झाली नव्हती आणि गेटवरच्या चहाच्या टपरीवर मुलं दुसरं काहीच बोलत नव्हती. मी स्वतः ते ऐकत होतो. रजिस्टर मात्र कोरं. ती ओळ वाचून मी सही केली. खोटं लिहिलेलं नव्हतं, तक्रार प्राप्त झालीच नव्हती. सगळ्या तक्रारी तोंडी होत्या, आणि तोंडी तक्रारीला मुदत लागू होत नाही, तिच्यावर अपील होत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: अर्ज लेखी द्या, दोन प्रती करा, एका प्रतीवर आवक क्रमांक (ऑफिसात अर्ज आल्याची नोंद), तारीख, शिक्का आणि सही घ्या. ते पंधरा दिवस त्या शिक्क्यापासून मोजायला लागतात. शिक्का नसेल तर मोजायला सुरुवातच होत नाही.

“इंटर्नलचे मार्क कापतात”

इंटर्नलचे मार्क कॉलेजातलेच शिक्षक देतात, त्यामुळे ही भीती खोटी नाही. सूड घेणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि ‘असं काही होणार नाही’ अशी हमी मी कुणाला देणार नाही. पण भीती आहे म्हणून उपाय नाही, असं नाही. मूल्यमापनातली अपारदर्शक किंवा अन्यायकारक वागणूक ही त्याच २०२३ च्या विनियमांत स्वतंत्र तक्रार म्हणून धरलेली आहे. चाचणीची उत्तरपत्रिका, जर्नल, हजेरी सांभाळून ठेवा. गुण विद्यापीठाकडे जाण्याआधी दाखवा, असं वर्गातल्या सगळ्यांनी मिळून लेखी मागा. वीस सह्यांच्या अर्जावर सूड उगवायचा कुणावर?

तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्कही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितलं, की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखालची माहिती आहे आणि परीक्षार्थीला ती पाहता येते. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत ३० दिवस. विद्यापीठाला आणि अनुदानित कॉलेजांना हा कायदा लागू आहे. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. नुसतं ‘मार्क कमी पडले, पुन्हा तपासा’ म्हणून लोकपालाकडे गेलात तर अर्ज घेत नाहीत. नेमकी काय गडबड झाली किंवा कुठे भेदभाव झाला, ते दाखवावं लागतं.

“प्राचार्यांनी काढलं की वर दाद नाही”

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

शिस्तीची कारवाई करायचा अधिकार प्राचार्यांना आहे, आणि असायला हवा. पण त्याआधी तीन गोष्टी व्हाव्या लागतात: आरोप काय आहे ते मुलाला सांगणं, त्याचं म्हणणं ऐकणं आणि निर्णय कारणांसह देणं. ही नवीन सवलत नाही. उत्तर प्रदेशात १९५४ च्या इंटरमिजिएट परीक्षेत गैरप्रकार केल्याचं सांगून तीन मुलांचा निकाल रद्द केला गेला, त्यांना काही न विचारता. घनश्यामदास गुप्ता यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा निर्णयाने मुलाच्या आयुष्यावर परिणाम होतो, म्हणून आधी त्याला बाजू मांडू द्यायलाच हवी. परीक्षा मंडळाची समितीसुद्धा यातून सुटत नाही, मग कॉलेज कसं सुटेल?

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. शिस्त समितीवर असताना माझ्यासमोर एका मुलाची फाइल आली. वर्गातला बाक तोडल्याचा आरोप होता. फाइलीत त्याचा माफीनामा होता, खाली सही होती. मी त्याच्या वर्गात शिकवायचो, त्याचं अक्षर मला ओळखू येत होतं. माफीनाम्याचं अक्षर त्याचं नव्हतं. तो ऑफिसात लिहिला गेला होता आणि ‘सही कर, नाहीतर बापाला बोलावतो’ म्हणून सही घेतली गेली होती. बाप पारोळ्याकडे कापूस वेचणीला गेलेला. त्या दिवसाची मजुरी बुडेल म्हणून पोराने सही केली. बाक दुसऱ्यानेच तोडला होता, हे पुढे निघालं. आम्ही कारवाई थांबवली, पण ती केवळ अक्षर ओळखल्यामुळे थांबली, हे मला आजही टोचतं. मीच त्या बैठकीला गैरहजर असतो तर?

म्हणून पोरांनो, माफीनाम्यावर किंवा हमीपत्रावर न वाचता सही करू नका. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. परीक्षेत कॉपीची केस झाली तरी पर्यवेक्षकांनी दिलेल्या फॉर्मवर जे घडलं तेच, स्वतःच्या अक्षरात लिहा. पुढे चौकशी समितीपुढे तुमच्या बाजूने बोलणारा तोच एक कागद असतो. खरंच चूक केली असेल तर तीही तशीच लिहा. खोटं लिहिण्यापेक्षा ते तुमच्या जास्त उपयोगी पडतं.

“मुलीने तक्रार केली तर नाव गावभर होतं”

वरच्या मुद्द्याला जोडूनच हे घेतो. आरोपीचं म्हणणं ऐकायचं म्हणजे मुलीला त्याच्यासमोर उभं करायचं, असा समज मी शिक्षकांतही पाहिला आहे. तो चुकीचा आहे. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजमध्ये १९७२ साली काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहात शिरले. समितीने मुलींचे जबाब त्या विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतले, नावं उघड केली नाहीत, आरोप मात्र त्यांना सांगून खुलासा घेतला. विद्यार्थी कोर्टात गेले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समितीची पद्धत योग्य ठरवली. मुलींना समोरासमोर आणलं असतं तर त्यांना पुढे त्रास झाला असता, हे न्यायालयाने ओळखलं. न्याय दोघांनाही हवा, पण त्यासाठी मुलीला सगळ्यांपुढे उभं करावं लागत नाही.

आज लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी वेगळी अंतर्गत तक्रार समिती आहे. अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला शिक्षिका, एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, कारण असेल तर मुदत वाढते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. तक्रारदाराचं नाव जाहीर करायला कायद्यानेच बंदी आहे. गावात नाव होतं ते समितीमुळे नाही. कुणीतरी ऑफिसातून बोलतं आणि ते बाहेर पडतं. त्या बोलणाऱ्यावरच कारवाई व्हायला हवी, आणि ती मागायचा हक्क मुलीला आहे.

“पूर्ण फी भरल्याशिवाय कागद मिळत नाहीत”

हे तर निखालस खोटं. धडगावकडची एक मुलगी आमच्याकडे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. महिनाभरात तिचा नर्सिंगला नंबर लागला. ऑफिसने सांगितलं, उरलेल्या दोन वर्षांची फी भर, मग दाखला आणि बारावीची मार्कशीट ने. धडगावहून येणं म्हणजे चांदसैलीचा घाट उतरून एसटी बदलत यायचं, एक खेप म्हणजे एक दिवस. तिच्या तीन खेपा फुकट गेल्या, तिकडे प्रवेशाची मुदत संपत आली. चौथ्या खेपेला तिने माझ्यासमोर बसून सहा ओळींचा अर्ज लिहिला: जो अभ्यासक्रम मी पुढे करणार नाही त्याच्या फीसाठी माझे मूळ कागद अडवले आहेत, ते परत मिळावेत, न दिल्यास कारण लेखी द्यावं. आवक क्रमांक पडला. दोन दिवसांनी कागद मिळाले. कुणीही लेखी कारण द्यायला तयार नव्हतं, कारण तसं कारण नव्हतंच. प्रवेशासाठी जमा केलेले मूळ कागद अशा फीसाठी अडवणं ही विनियमांत नाव घेऊन नमूद केलेली तक्रार आहे. जे वर्ष शिकलात त्याची खरी बाकी असेल तर ती वेगळी गोष्ट, तिचा हिशेब लेखी मागा. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) अडकली म्हणून तुमच्याकडे तगादा लावला जात असेल, तर तीही तक्रार होऊ शकते.

“भाऊंना फोन लावा”

भाऊंच्या, म्हणजे ओळखीच्या पुढाऱ्याच्या, फोनने काम होतं, हे मी नाकारत नाही. पण काय होतं ते बघा. फोन झाल्यावर कागद मिळतो, नोंद मात्र काहीच राहत नाही. तुमच्यामागे उभ्या असलेल्या मुलाला, ज्याच्या ओळखीचे कुणी भाऊ नाहीत, त्याला तोच त्रास पुढच्या वर्षी होतो. आणि तेच भाऊ दुसऱ्या बाजूनेही फोन करतात. वसतिगृहात रॅगिंग करणारा पोरगा वाचवायला आलेला फोन मी ऐकला आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा आहे, तक्रारीवर सात दिवसांत चौकशी करायची जबाबदारी संस्थाप्रमुखावर आहे. त्या पोराच्या बाबतीत कुणी लेखी दिलं नव्हतं, त्यामुळे एका फोनवर सगळं मिटलं. ज्याला त्रास झाला तो पोरगा दिवाळीला घरी गेला तो परतलाच नाही.

१९९० पर्यंत खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. मार्कशीटवरचं नाव चुकलं तरी पुणं गाठावं लागायचं. तेव्हा ओळखीच्या माणसाला धरणं समजण्यासारखं होतं. आता विद्यापीठ इथेच जळगावला, गिरणा नदीच्या काठी आहे, तक्रार ऑनलाइनही करता येते.

ऑफिसातले लोक आवक द्यायला नाही म्हणाले तर भांडू नका. तोच अर्ज प्राचार्यांच्या नावाने स्पीड पोस्टाने पाठवा, प्रत विद्यापीठाला ईमेल करा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. तिच्यावरची तारीख लिहून ठेवा आणि तिथून कामकाजाचे पंधरा दिवस मोजा.