खरखर ऐकू आली म्हणजे स्पीकर फाटला, असे नव्हे

इंदुरातल्या आमच्या राजेंद्र नगर भागात गेल्या काही आठवड्यांत तीन वेगवेगळ्या व्हॉट्सॲप गटांवर मला एकच मजकूर आला. त्यात पाच गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. लॅपटॉपमधून खरखर किंवा तडतड येऊ लागली की स्पीकर फाटला असे समजून तो लगेच बदलावा. आवाज शंभरावर ठेवल्यामुळेच स्पीकर फाटतो. साउंडचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्रातला तो भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम, नवा टाकूनही खरखर राहिली, तर दोष यंत्रातच आहे. चार्जर लावल्यावर खरखर वाढत असेल, तर मदरबोर्ड, म्हणजे लॅपटॉपमधली मुख्य सर्किटची पाटी, जळण्याच्या बेतात आहे. आणि आवाज स्वच्छ हवा असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ध्वनीचा दर (सॅम्पल रेट) १,९२,००० हर्ट्झ करावा. हा मजकूर वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी स्पीकरची जोडी बदलून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भजन लावले तेव्हा खरखर जशीच्या तशी होती. त्यामुळे याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त चुकीचे आहे. स्पीकर कधीच फाटत नाही असे माझे म्हणणे नाही. त्याचा पडदा फाटतो, कडेचा डिंक सुटतो, आत धूळ किंवा लोखंडाचा कण अडकतो. परंतु अशा बिघाडाला एक ठरावीक वागणूक असते. पडदा जिथे कमकुवत झाला आहे तिथे तो विशिष्ट स्वरांवर, बहुधा खर्जाच्या बाजूला, आणि आवाज वाढवल्यावर थरथरतो. म्हणजे तेच गाणे त्याच आवाजात पुन्हा लावले, तर तो त्याच जागी पुन्हा खरखरतो.

लॅपटॉपवरची बरीचशी तडतड याहून अगदी वेगळ्या ठिकाणी जन्मते. संगणकातला ध्वनी म्हणजे आकड्यांची रांग असते, आणि नेहमीच्या ४८,००० हर्ट्झच्या दराने एका सेकंदाला, एकेका बाजूसाठी, असे ४८,००० आकडे पुढे जावे लागतात. विंडोज ते एकदम पाठवत नाही, तर साधारणपणे १० मिलिसेकंदांच्या घासांनी, म्हणजे ४८० आकड्यांच्या गठ्ठ्यांनी देते. एखादा गठ्ठा वेळेवर पोचला नाही, तर ध्वनीची लहर मध्येच तुटते आणि एकदम दुसऱ्या ठिकाणी उडी मारते. ती उडी आपल्याला ‘टक्’ अशी ऐकू येते, आणि एकामागून एक अनेक आल्या की तिची तडतड होते. स्पीकर बिचारा त्याला मिळालेली लहर इमानाने वाजवत असतो. गठ्ठा उशिरा पोचण्याचे कारण पुष्कळदा साउंडशी संबंधितही नसते. वाय-फायचा, ग्राफिक्सचा किंवा वीजबचतीचा ड्रायव्हर प्रोसेसरला काही मिलिसेकंद अडवून धरतो आणि ध्वनीचे काम मागे पडते.

या दोहोंतला फरक घरबसल्या ओळखता येतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. इंटरनेटवरून थेट न वाजवता लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलेले गाणे निवडावे, त्यातली तीच दोन मिनिटे दोनदा ऐकावीत आणि टक् कुठे झाले ते सेकंदासह कागदावर लिहावे. मी यासाठी आमच्याच शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्याचे उस्ताद अमीर खाँ यांचा विलंबित ख्याल लावतो, कारण त्या संथ गायकीत दोन स्वरांमध्ये इतकी मोकळी जागा असते की बारीकसा टक्‌ही लपत नाही. दोन्ही वेळच्या नोंदी वेगळ्या निघाल्या, तर स्पीकर बहुधा निर्दोष आहे. नोंदी जुळल्या, तर हेडफोन लावून तोच भाग पुन्हा ऐकावा. हेडफोनमध्येही त्याच जागी खरखर असेल, तर ती बहुधा मूळ ध्वनिमुद्रणातच आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या नाट्यगीतांत ती असतेच, आणि ती कोणताही दुकानदार काढून देऊ शकणार नाही. नोंदी जुळल्या आणि हेडफोनमध्ये मात्र सारे स्वच्छ असले, तरच संशय स्पीकरवर जातो. तिथेही एक सावधगिरी हवी. काही लॅपटॉपांत फक्त आतल्या स्पीकरसाठी आवाज फुगवणारी प्रक्रिया चालू असते. म्हणून विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड या वाटेने स्पीकरच्या पानावर जाऊन ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ आधी बंद करावे आणि मगच निष्कर्ष काढावा.

काकूंच्या लॅपटॉपवर दोन वेळच्या नोंदींत एकही जागा जुळली नाही. लेटन्सीमॉन नावाचे एक साधन आहे, ते गाणे चालू असताना दहा मिनिटे चालवले की प्रोसेसरला सर्वांत जास्त अडवणाऱ्या ड्रायव्हरचे नाव दाखवते. इथे त्याने नेटवर्कच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवले. वाय-फाय बंद करताच तडतड थांबली, चालू करताच परतली. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून वाय-फायचा आधीचा ड्रायव्हर टाकल्यावर ती कायमची गेली. स्पीकर बदलण्यापूर्वी दुकानात कोणी त्यांना हेडफोन लावून पाहायलाही सांगितले नव्हते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

दुसऱ्या विधानात थोडेसे तथ्य आहे, पण ते नेमके उलट्या जागी ठेवले आहे. विंडोजमधला शंभर हा आकडा म्हणजे मूळ ध्वनी न घटवता पुढे देणे, आणि तेवढे सोसण्याइतका स्पीकर बनवलेला असतो. खरी अडचण शंभराच्या पुढे सुरू होते. गाणी-व्हिडिओ लावायच्या व्हीएलसी या प्रोग्रॅममध्ये आवाज १२५ टक्क्यांपर्यंत नेता येतो आणि ब्राउझरला जोडायची काही साधने त्याच्याही कितीतरी पुढे नेतात. आकड्यांना मात्र एक कमाल मर्यादा आहे. त्यापलीकडे लहरीचा माथा सपाट छाटला जातो आणि आवाज कर्कश, फाटल्यासारखा येतो. तो फाटलेला आवाज ऐकून स्पीकर फाटला असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु वाढवलेला आवाज शंभरावर आणला की तो तत्काळ जातो. फाटलेला पडदा असा सांधत नाही.

तिसरे विधान ड्रायव्हरविषयीचे. नवा ड्रायव्हर म्हणजे चांगला ड्रायव्हर, हे त्यात गृहीत धरले आहे. पुष्कळदा विंडोजच्या अपडेटबरोबर आलेल्या ड्रायव्हरपासूनच तक्रार सुरू होते, आणि तेव्हा विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक’ करून आधीच्या ड्रायव्हरवर मागे जाणे हाच उपाय असतो. विंडोजबरोबर येणारा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हा साधा ड्रायव्हर निवडूनही पाहावा. शिवाय, वर म्हटल्याप्रमाणे, दोषी ड्रायव्हर वाय-फायचा असेल तर साउंडचा ड्रायव्हर शंभरदा बदलून काय होणार?

याच ओघात, गाणे सुरू होताना आणि संपल्यावर काही सेकंदांनी एकदाच ‘टप्’ होत असेल, तर तो ध्वनीची चिप वीज वाचवण्यासाठी झोपल्याचा आणि जागी झाल्याचा आवाज आहे. लिनक्स वापरणाऱ्यांना ‘एसएनडी एचडीए इंटेल’ या मोड्यूलची ‘पॉवर सेव्ह’ ही किंमत शून्य केली की तो थांबवता येतो.

चौथ्या विधानाने लोक सर्वांत जास्त घाबरले आहेत. लॅपटॉपला बाहेरचा ॲम्प्लिफायर किंवा मिक्सर जोडला असेल आणि चार्जर लावताच घूं किंवा चरचर सुरू होत असेल, तर पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा. चार्जरच्या आत वीज जलद गतीने चालू-बंद होत असते, आणि त्यातल्या एका कपॅसिटरमधून अगदी थोडा प्रवाह लॅपटॉपच्या बाजूला झिरपतो. धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवताना कधीकधी झिणझिण्या जाणवतात त्या यामुळेच. अर्थिंग नीट असेल तर हा प्रवाह तिकडे निघून जातो, आणि नसेल तर ध्वनीच्या वायरीतून वाट शोधतो. आपल्याकडच्या अनेक जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्याच्या मागे वायरच जोडलेली नसते. दोन्ही यंत्रे दोन वेगळ्या सॉकेटांतून अर्थिंगला जोडली असली तरी ध्वनीच्या वायरीसह एक वळसा तयार होऊन ५० हर्ट्झची घुमणारी घूं ऐकू येते. पाच मिनिटे चार्जर काढून बॅटरीवर ऐकावे. आवाज गेला, तर लॅपटॉप उघडण्याऐवजी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे, दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावावीत, आणि तरीही राहिले तर ध्वनीच्या वायरीत हा वळसा तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर बसवावा. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्लाही काही जण देतात. त्याने घूं जाईलही, पण जिवाला धोका होईल, म्हणून तो कोणीही मानू नये.

जळका वास, फुगलेली बॅटरी, हात ठेववणार नाही इतका तापलेला लॅपटॉप, ही खरी धोक्याची चिन्हे आहेत आणि ती दिसताच यंत्र बंद करावे. चार्जर लावल्यावरची चरचर त्यांपैकी नाही.

राहिला १,९२,००० हर्ट्झचा सल्ला. माणसाच्या कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, आणि ते पूर्णपणे टिपायला त्याच्या दुपटीहून थोडा जास्त दर पुरतो. सीडीचा दर ४४,१०० हर्ट्झ आहे तो यासाठीच. तो १,९२,००० केल्याने ४४,१०० मध्ये मुद्रित झालेल्या गाण्यात नवे काही भरले जात नाही. उलट ४८,०००च्या मानाने चौपट आकडे दर सेकंदाला तयार करून पुढे ढकलावे लागतात, आणि जो प्रोसेसर आधीच गठ्ठे वेळेवर देऊ शकत नाही त्याच्यावर हा भार नव्याने पडतो. म्हणजे हा उपाय काही लॅपटॉपांत तडतड वाढवूही शकतो. ज्यांनी तो केला आहे त्यांनी साउंडमधल्या स्पीकरच्या पानावर ‘फॉरमॅट’ पुन्हा २४ बिट, ४८,००० हर्ट्झ करावा, आणि चालू असलेले गाणे बंद करून नव्याने लावावे.