प्यालेला माणूस ‘सैल पडतो म्हणून वाचतो’? एका प्रतिक्रियेला उत्तर

इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावरच्या वेगाबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “एसीत बसून खरडलेलं पुस्तकी ज्ञान. प्यालेला सैल पडतो म्हणून वाचतो, मरतो तो शुद्धीतला. दंड 2,000 नाही, 10,000 आहे. खड्डे, गुरं यांवर एक ओळ नाही.”

दंडाचं मान्य. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली दारू पिऊन गाडी चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्यालाच 10,000 रुपये. लेखात बदल केलाय.

पण ‘खरडलेलं’? आपल्या रामबागेत वाद पुष्कळ होतात, अशी भाषा कुणी करत नाही. अपघात विभागात पंधरा वर्षं काढली आहेत मी, एसीत नव्हे.

आता ते सैल पडणं. धडक साधारण दशांश सेकंदात आटोपते. तेवढ्यात अंग ताठ असो की सैल, पुढे फेकलं जाणारं शरीर स्नायूंना आवरत नाही, सीटबेल्टच्या पट्ट्यालाच आवरतं. प्यालेला अनेकदा नेमका तोच लावत नाही, आणि मग एअरबॅगही त्याच्या तोंडावर आदळते.

शिवाय धडक मुळात जोरात होते ती उशिरा दाबलेल्या ब्रेकमुळे. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. शुद्धीतल्याचा पाय एका सेकंदात ब्रेकवर गेला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी 37 मीटरच्या आत थांबते. प्यालेल्याला अर्धा सेकंद जास्त लागला, तर त्याच जागी त्याची गाडी अजून ताशी 39 ने धावत असते. हा मार दुसऱ्या मजल्यावरून, सहा मीटरवरून पडण्याइतका. शुद्धीतला तिथे आदळलाच नसता!

आणि वाचला, तरी पुढे काय? तोंडाला वास येतो म्हणून घरचे ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणत झोपवतात, आणि डोक्यातला रक्तस्राव रात्रभर वाढत राहतो. दारूने गुंगी येते, रक्तस्रावानेही येते. नुसतं बघून फरक कळत नाही. म्हणून डोक्याला मार लागलेला प्यालेला माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल, उलट्या करत असेल, तर त्याला तातडीने रुग्णालयात न्या, सीटी स्कॅन करावा लागतो. वाचलेले चार जण तुम्ही कट्ट्यावर पाहिलेत. जे जागेवरच गेले, ते तुमच्या हिशोबात नाहीत.

खड्डे आणि गुरं हा त्या लेखाचा विषयच नव्हता. यापुढे मुद्द्यावर लिहा, आणि स्वतःच्या नावाने लिहा.