दाब वाढतो हे खरं, पण कशामुळे? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि चांगली तिखटही, त्यामुळे उत्तर थोडं लांबणार. ज्वालामुखीच्या उद्रेकामागे दाब कमी होण्याचा मोठा वाटा असतो, असं मी लेखात म्हटलं होतं. तुमच्या मते हे चक्क उलटं आहे. जमिनीखाली लाव्ह्याचा समुद्र आहे, तो तापत राहतो, कुकरसारखा दाब वाढतो आणि जिथे जमीन कच्ची तिथे फुटतो. शाळेत हेच शिकवतात, मग उगाच गुंता कशाला? शिवाय कारण इतकं पक्कं ठाऊक असेल तर शास्त्रज्ञ तारीख का सांगत नाहीत, असा टोलाही जाता जाता हाणला आहे.

आधी त्या समुद्राचं बघू. तो नाही. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, आणि त्या प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरातून, सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंत व्यवस्थित जातात. अडतात त्या पुढे, बाह्य गाभ्यापाशी. तो वितळलेल्या लोखंडाचा आहे, पण त्याचा आणि लाव्ह्याचा संबंध नाही. प्रावरण भयंकर तापलेलं आहे, लाखो वर्षांच्या हिशेबात ते सरकतं, वाहतंही. पण आहे घन खडकच. पुस्तकातल्या आकृतीत ते लालभडक रंगवतात आणि तिथेच घोळ होतो.

मग हा खडक वितळतो कुठे? तुम्ही म्हणता तसं खालून जाळ वाढल्यामुळे बहुतेक वेळा नाही. एवढा तापलेला खडक घन राहतो तो वरच्या प्रचंड दाबामुळे. महासागरांच्या मधोमध जिथे भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे प्रचंड तुकडे) एकमेकांपासून दूर जातात, तिथे खालचा खडक हळूहळू वर येतो. त्याचं तापमान फारसं बदलत नाही, डोक्यावरचा भार मात्र घटतो, आणि तेवढ्यानेच त्यातला थोडा भाग वितळतो. जपान, इंडोनेशिया किंवा अँडीज पर्वताखाली प्रकार वेगळा. तिथे समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो आणि खनिजांत अडकलेलं पाणी सोबत खाली नेतो. साधारण शंभर किलोमीटर खोलीवर हे पाणी वरच्या तप्त खडकात शिरतं आणि त्याचा वितळणबिंदू कित्येकशे अंशांनी खाली येतो. म्हणजे थंड, ओला तळ खाली जातो म्हणून वरचा खडक वितळतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही खोटंच वाटलं होतं.

आता तुमचा कुकर. एका बाबतीत तुमचं बरोबर आहे: शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, जिथे साठतो त्या कोठीतला दाब वरच्या खडकाच्या छताला पेलवेनासा झाला की छत तडकतं. पण कुकरला खाली गॅस लागतो. शिलारसाला तो लागतोच असं नाही, उलट तो थंड होतानाही उकळू शकतो! खोलवर, दाबाखाली, शिलारसात पाणी, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू विरघळलेले असतात. रस थंडावू लागला की त्यात स्फटिक बनतात. बहुतेक स्फटिक पाणी सामावून घेत नाहीत, म्हणून ते सगळं उरलेल्या रसात साठत जातं, शेवटी मावेनासं होतं आणि बुडबुडे सुटतात. बुडबुड्यांना जागा लागते, म्हणून दाब वाढतो. बाहेरून कणभरही उष्णता न देता. रस आणखी वर सरकला की उरलासुरला वायूही सुटतो. पाच टक्के पाणी असलेला एक घनमीटर रायोलाइटी रस (यात वाळूतलं मुख्य द्रव्य, सिलिका, भरपूर असतं) पृष्ठभागावरच्या दाबाला आला, तर नुसती वाफच सहाशे घनमीटरांहून जास्त जागा मागते. बेसॉल्टचा रस पातळ असतो, त्यातून ती निसटते आणि हवाईसारखे लाव्ह्याचे ओघळ वाहतात. सिलिका जास्त असलेला रस घट्ट असतो. त्यात वाफ अडकते आणि शेवटी अख्खा रसच फुटून राख होतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९८०च्या वसंतात अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स पर्वताच्या आत शिलारस घुसला आणि उत्तरेची बाजू दिवसाला दीड-दोन मीटरने बाहेर फुगू लागली. आत दाब वाढत होता, तुम्ही म्हणता तसाच. तरी कित्येक आठवडे मोठा स्फोट झाला नाही. १८ मे रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी ५.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ती फुगलेली बाजू घसरली. आतल्या रसावरचं ओझं काही सेकंदांत गेलं, आणि स्फोट वर न होता आडवा झाला, नेमका जिथून डोंगर सरकला त्या बाजूला. ५७ माणसं गेली. वाढलेला दाब तयारीत होता, पण घात केला तो अचानक उतरलेल्या दाबाने. म्हणून लेखातलं ते वाक्य मी बदलणार नाही.

'खाली रस असला की फुटणारच' या तुमच्या गृहीतकाला आइसलँडमधल्या क्राफ्लाचं उदाहरण पुरे. २००९ मध्ये तिथे भूगर्भातल्या उष्णतेसाठी एक विहीर खोदत होते, चार किलोमीटरच्या पुढे जायचा बेत होता. २.१ किलोमीटरवरच ड्रिल अडकलं आणि वर आले काचेचे तुकडे. पाते थेट शिलारसात घुसलं होतं आणि खोदाईच्या पाण्याने रस गोठून काच झाली होती. सुमारे ९०० अंश सेल्सिअसचा रस पायाखाली, आणि तो तिथे आहे याचा खोदणाऱ्यांना पत्ताही नव्हता. क्राफ्लाचा शेवटचा उद्रेक १९८४चा.

भूकंपाने ज्वालामुखी फुटतात, हा तुमचा मुद्दा अर्धाच धरतो. १९६०च्या चिलीतल्या ९.५ तीव्रतेच्या भूकंपानंतर दोन दिवसांच्या आत तिथला कोर्डोन काउये हा ज्वालामुखी फुटला. २०११ मध्ये जपानला ९ तीव्रतेचा धक्का बसला तरी फुजी शांतच राहिला. जो आधीच काठावर आहे, त्यालाच धक्का पुरतो.

राहिला तारखेचा टोला. कारण कळणं आणि एखाद्या डोंगराच्या पोटात आज किती रस, किती वायू आणि छत किती मजबूत आहे हे कळणं, यात फरक आहे. फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीच्या वेळी हे अंदाज जमले. खालून आलेल्या ताज्या, अधिक तप्त बेसॉल्टने जुन्या रसाला डिवचलं होतं (इथे उष्णतेचा हात होता, हे तुमच्या बाजूने), भूकंपांची संख्या आणि गंधकवायूचं प्रमाण यांवर लक्ष होतं, आणि १५ जून १९९१च्या महाउद्रेकाआधी हजारो लोकांना हलवलं गेलं. याउलट इटलीत पोत्सुओली या ज्वालामुखी क्षेत्रावर वसलेल्या शहराची जमीन १९८२ ते ८४ मध्ये सुमारे १.८ मीटर वर आली, चाळीसेक हजार लोकांना घरं सोडावी लागली, आणि उद्रेक झालाच नाही. जपानच्या ओंताके ज्वालामुखीने २७ सप्टेंबर २०१४ रोजी तिसराच प्रकार दाखवला. धोक्याची पातळी सर्वांत खालची, माथ्यावर गिर्यारोहकांची गर्दी, आणि ठळक कंपनं सुरू झाली ती जेमतेम दहा-अकरा मिनिटं आधी. ताजा शिलारस वर आलाच नव्हता. खडकात कोंडलेल्या तप्त पाण्याची एकाएकी वाफ झाली. ६३ जण मृत किंवा बेपत्ता. अशा उद्रेकाची तारीख मागणाऱ्याला आज कुठलीही वेधशाळा प्रामाणिकपणे 'नाही' एवढंच सांगेल.