'अमेरिका ओशोंना घाबरली' हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी द डॅल्समधल्या ७५१ लोकांबद्दल वाचा

११ डिसेंबर किंवा १९ जानेवारी जवळ आली की हा मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरायला लागतो. सारांश असा, की ओशोंनी ओरेगॉनच्या ओसाड माळावर स्वर्ग उभा केला, लाखो ख्रिश्चन चर्च सोडून त्यांच्याकडे जायला लागले म्हणून रेगन सरकार घाबरलं, त्यांना खोट्या केसमध्ये अडकवलं, एकही आरोप सिद्ध झाला नाही, शेवटी जेलमध्ये थॅलियम नावाचं विष देऊन मारलं, आणि जे काय वाईट झालं ते सगळं त्यांची सेक्रेटरी मा आनंद शीला, तिने एकटीने केलं. मी ओशो वाचलेत, आजही वाचतो, प्रवचनं मनापासून आवडतात, आणि तरी हा मेसेज बघितला की चीड येते, कारण त्यात जिवंत माणसं पार पुसून टाकलीत.

स्वर्ग उभा केला हे बऱ्यापैकी खरंय, ते आधी मान्य करतो. १९८१ मध्ये ओशो पुण्याहून गेले आणि त्याच जुलैत बिग मडी रँच ही चौसष्ट हजार एकर जमीन पावणेसहा मिलियन डॉलरला घेतली गेली. चार वर्षांत तिथे धरण, शेती, बससेवा, स्वतःची धावपट्टी उभी राहिली आणि हे सगळं संन्याशांनी दिवसरात्र, बिनपगारी राबून केलं. पण 'लाखो' कुठून आले? तिथे कायम राहणारे काही हजारच होते. आणि भांडणाची सुरुवात धर्मावरून नाही तर जमिनीवरून झाली, ती जमीन शेतीची होती आणि ओरेगॉनमध्ये शेतजमिनीवर शहर वसवायला १९७३ पासून कडक कायदा आहे, तो सगळ्यांना सारखाच लागू होतो. मग जवळच्या अँटेलोप नावाच्या छोट्या गावात, जिथे पन्नासएक माणसं, त्यातही बरीचशी रिटायर्ड, तिथे संन्याशांनी घरं घेतली, मतदार झाले, कौन्सिल ताब्यात घेतलं आणि गावाचं नाव बदलून रजनीश केलं. आपल्या गावात कुणी असं केलं असतं तर आपण काय केलं असतं हो?

स्थानिकांमध्ये द्वेष नव्हता असं मी म्हणत नाही. होता, आणि घाणेरडा होता. १९८३ मध्ये पोर्टलंडच्या हॉटेल रजनीशमध्ये तर बाँब फुटला, तो लावणारा मात्र एका कट्टर इस्लामी गटाचा होता, चर्चचा त्यात काही संबंध नव्हता.

आता तो भाग जो मेसेजमध्ये कधीच नसतो. नोव्हेंबर १९८४ मध्ये वॉस्को काउंटीची, म्हणजे रँच ज्या जिल्ह्यात होती त्याची, निवडणूक होती, कारभार तीन कमिशनरांकडे, त्या तीनपैकी दोन जागा जिंकल्या की काउंटी हातात. त्यासाठी मोठमोठ्या शहरांतून हजारो बेघर माणसं बसमध्ये भरून आणली, घर देतो, जेवण देतो म्हणून, आणि खरा हेतू मतदार यादीत नावं घालायचा. त्यांच्या बिअरमध्ये हॅलोपेरिडॉल, म्हणजे मनोरुग्णांना देतात ते औषध, मिसळलं जायचं हे नंतर बाहेर आलं. नोंदणी अडली तेव्हा त्यांतल्या कित्येकांना आसपासच्या गावांत नेऊन सोडून दिलं.

दुसरा मार्ग म्हणजे विरोधी मतदारच आजारी पाडायचे. २९ ऑगस्टला काउंटीचे तीन कमिशनर रँच बघायला गेले होते, तिथे त्यांच्यातल्या दोघांना पाण्याचे ग्लास दिले गेले, दोघंही आजारी पडले आणि विल्यम हल्स तर मरता मरता वाचले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काउंटीचं मुख्य गाव द डॅल्स, तिथल्या दहा रेस्टॉरंटमध्ये सॅलड बारवर, ड्रेसिंगमध्ये, कॉफीच्या क्रीमरमध्ये साल्मोनेला, म्हणजे जुलाब-उलट्या करणारा जीवाणू, टाकला गेला. ७५१ लोक आजारी, ४५ हॉस्पिटलमध्ये. ताप, उलट्या, रक्ताचे जुलाब. कुणी मेलं नाही हे नशीब. ही माणसं ओशोंना घाबरणारी 'अमेरिका' नव्हती, दुपारचं जेवायला आलेले लोक होते! आरोग्य खात्याने सुरुवातीला हॉटेल कामगारांच्या अस्वच्छ हातांवर खापर फोडलं, खरं कारण कळायला वर्ष गेलं. ऑक्टोबर १९८५ मध्ये रजनीशपुरमच्या, म्हणजे रँचवर वसवलेल्या शहराच्या, लॅबमध्ये त्याच जातीचा साल्मोनेला सापडला.

'सगळं शीलाने केलं, ओशो तर मौनात होते.' मौन होतं हे खरं, १९८१ पासून ऑक्टोबर १९८४ च्या शेवटापर्यंत. पण ते मौन जाहीर बोलण्यापुरतं, शीलाला ते रोज भेटायचे, सूचना द्यायचे, सगळ्या कम्यूनवर तिचा शब्द चालायचा तो त्यांनीच दिलेल्या अधिकारावर. विषप्रयोग त्यांना माहीत होता असं कोर्टात सिद्ध झालेलं नाही, त्यावर त्यांच्यावर आरोपही ठेवला गेला नाही, मीही तो ठेवत नाही. शीला सप्टेंबर १९८५ मध्ये पळून गेल्यावर तिचे गुन्हे त्यांनी स्वतःच पत्रकारांसमोर सांगितले, हेही त्यांच्या बाजूने लिहायला हवं. तिने १९८६ मध्ये गुन्हे कबूल केले, वीस वर्षांची शिक्षा झाली, २९ महिन्यांत सुटली. पण गळ्यात माळ आणि फोटो त्यांचा, रोल्स रॉइस त्र्याण्णव त्यांच्यासाठी, आणि जबाबदारी आली की फक्त शीला? हे मला पटत नाही.

'एकही आरोप सिद्ध झाला नाही' हे सरळ चुकीचं आहे. २८ ऑक्टोबर १९८५ ला नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला विमानात ओशोंना अटक झाली आणि १४ नोव्हेंबरला पोर्टलंडच्या कोर्टात इमिग्रेशनच्या दोन गुन्ह्यांवर त्यांनी आल्फर्ड प्ली दिली, म्हणजे गुन्हा केला असं म्हणत नाही पण पुरावा शिक्षेला पुरेसा आहे हे मान्य, आणि कायद्याने ते दोषी ठरणंच धरलं जातं. एक गुन्हा कायम राहायचा इरादा लपवल्याचा, दुसरा शिष्यांची खोटी लग्नं लावून त्यांना अमेरिकेत ठेवण्याच्या कटाचा. चार लाख डॉलर भरले, दहा वर्षांची शिक्षा स्थगित झाली आणि देश सोडला. शार्लटहून पोर्टलंडला न्यायला दहा दिवस का लागले हा प्रश्न मात्र रास्त आहे, तो जरूर विचारा. नंतर देशोदेशी व्हिसा नाकारला तो याच निकालानंतर.

राहिलं थॅलियम. हा दावा आला १९८७ मध्ये, जेल सुटल्यावर दोन वर्षांनी, आणि तो उभा आहे लक्षणांवर. ओशोंना मधुमेह, दमा, पाठीचं दुखणं अमेरिकेला जाण्याआधीपासून होतं, मुळात पाठीच्या उपचाराचंच कारण सांगून ते तिकडे गेले होते. १९ जानेवारी १९९० ला पुण्यात गेले, त्याच संध्याकाळी अंत्यसंस्कार झाले, पोस्टमॉर्टेम नाही. त्यांच्या रक्तात किंवा केसांत थॅलियम सापडल्याचा लॅब रिपोर्ट कुणाकडे असेल तर मेसेजबरोबर तोही पाठवा, मी वाचेन.