पाल चुकचुकली

माझ्याकडे बॅकअप होता. हे आधीच सांगून ठेवतो. कारण हकिकत ऐकणारा जो तो पहिल्यांदा तेच विचारतो, आणि चेहरा असा करतो की स्वतःच्या घरी हा माणूस तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की बॅकअप घ्यायलाच बसत असावा.

सुरुवात पालीपासून झाली. मंगळवारी रात्री कॉम्प्युटरच्या टेबलामागून टक् टक् टक् असा आवाज आला. ही म्हणाली, "अहो, पाल!" आतल्या खोलीतून आईने जमिनीवर बोटं आपटून "कृष्ण कृष्ण" म्हटलं. पुढचे तीन दिवस आम्ही त्या पालीच्या मागे होतो. टेबल सरकवलं, जळमटं काढली, कुणीसं सांगितलं म्हणून अंड्याची टरफलं मांडली. पाल दिसेना, आवाज थांबेना आणि आई एकही टकटक वाया जाऊ देईना. शुक्रवारी कॉम्प्युटर लावला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: बूट डिव्हाइस सापडत नाही. म्हणजे तीन दिवस आमच्या मातोश्री हार्डडिस्कच्या उशाशी नामस्मरण करत होत्या. शेवटच्या घटकेला देवाचं नाव कानावर पडलं, एवढं तरी तिचं भाग्य.

त्याच तीन दिवसांत सगळा डेटा दुसरीकडे उतरवून घेता आला असता. पण आम्ही टरफलं मांडत होतो.

आमचा कॉम्प्युटरवाला मुलगा आला. त्याने डिस्क काढून कानाला लावली, वैद्याने नाडी बघावी तसे डोळे मिटले आणि म्हणाला, "काका, हेड गेलं." आत तबकडी असते, ती मिनिटाला 7200 फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला 120. तिच्यावरचं लिहिलेलं वाचणारं टोक म्हणजे हेड; ते तिच्यावर टेकत नाही, तरंगतं. दोघांमधली फट काही नॅनोमीटरची; माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा हजारो फटी मावतील. हेडला तबकडीवरच्या खुणा सापडेनाशा झाल्या की ते परत जागेवर येतं, पुन्हा शोधायला जातं, पुन्हा परत. तीच टकटक. चष्मा हरवल्यावर मी घरभर जसा फिरतो, तसंच. हे सगळं ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याच टेबलावर मुठी आपटत मी दर रविवारी धाकट्या भावाशी फोनवर सासवडच्या जमिनीबद्दल बोलत असे.

"बॅकअप आहे का, काका?"

"आहे ना!" मी ताठ बसलो. "सगळं डीमध्ये टाकलंय. शिवाय डीची कॉपी ईमध्ये."

तो काही बोलला नाही. डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलवतात त्या नजरेने त्याने हिच्याकडे पाहिलं.

आता यात माझं काय चुकलं? गेली बारा वर्षं फॉरमॅट मारायला आलेला प्रत्येक मुलगा मला हेच सांगत आला: "काका, सीवर काही ठेवू नका. डीमध्ये टाका, तिथलं जात नाही." मी ते वेदवाक्य मानलं. सी, डी आणि ई म्हणजे एकाच डिस्कच्या वाटण्या, हे मला कुणी सांगितलं नाही. आणि वाटणी म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं, कारण सदाशिव पेठेतला आमचा वाडा तिघा आजोबांनी वाटून घेतला होता. मधे पत्रे ठोकले, तीन मीटर, तीन तुळशी, तीन गणपती. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली, तेव्हा तिघांचाही संसार एकदमच उघड्यावर आला. पत्र्याला काही अडवता आलं नाही.

डिस्क घेतली तेव्हा कागदावर लिहिलं होतं, दोन बिघाडांमधला सरासरी काळ 10 लाख तास. मी भागून पाहिलं. 114 वर्षं! "नातवंडांना पुरेल," असं मी हिला तेव्हा म्हणालो होतो. ही अजून ते वाक्य चारचौघांत काढते. त्याचा खरा अर्थ असा की, अशा 114 डिस्का वर्षभर चालवल्या तर त्यातली साधारण एक जाईल. ती एक कुणाच्या घरी, ते कागदावर नसतं. बरं, हा हिशेबही कागदावरचाच. 2007 साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रत्यक्ष वापरातल्या डिस्का मोजल्या, तर वर्षाला शंभरात दोन ते चार बदलाव्या लागत होत्या. काही ठिकाणी तर 13. त्याच साली गूगलने आपल्या लाखभर डिस्कांचा अभ्यास छापला. गरमीने डिस्क मरते ही समजूत त्यात फारशी टिकली नाही. हे मला आत्ता कळलं. गेला अख्खा मे महिना घरातला टेबलफॅन सीपीयूकडे तोंड करून होता आणि आम्ही तिघं वर्तमानपत्राने वारा घेत होतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. पण गूगलकडे मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी त्यातल्या चार महत्त्वाच्या नोंदींत कुरबुरीचा एक शब्दही टाकला नव्हता. आमची निदान टकटकली तरी.

शेजारच्या काकांनी फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं. ठेवली. मटारांशेजारी एक रात्र काढून ती बाहेर आली, अंगावर दव घेऊन, आणि टकटकायचीसुद्धा बंद झाली.

तापकीर गल्लीत चौकशी केली. तिथून एका डेटा काढून देणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, धूळ नसलेल्या खोलीत उघडावी लागेल, त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कचं हेड बसवावं लागेल, 28 हजार. डिस्क तीन हजारांची. वॉरंटी संपली होती, पण असती तरी त्यात कोरी डिस्क मिळते, आतला मुलीचा पहिला वाढदिवस मिळत नाही.

"आत आहे काय?" त्याने विचारलं. हा प्रश्न घेऊन घरी आलो. बैठक बसली. मला आठवली ती एवढी यादी: न्यू फोल्डर, न्यू फोल्डर 2, न्यू फोल्डर 2 ची कॉपी. एकाच गणपतीचे, एकाच बाजूने काढलेले दोनशे फोटो. सोसायटीचे हिशेब, जे नाहीसे झाल्याने मला जरा बरंच वाटलं. "आणि यांचं आत्मचरित्र," ही म्हणाली. किती पानं झाली होती, असं आईने विचारलं. चार झाली होती. 28 हजारांचा ठराव बारगळला. मुलीच्या वाढदिवसाचे फोटो सांगलीच्या आत्याकडे निघाले, आणि तेही छापून, अल्बममध्ये. आत्याला 'जुन्या वळणाची' म्हणत आलो होतो, ते आता बंद केलंय.

नवी डिस्क बसवताना मुलाने विचारलं, "काका, पार्टिशन किती करू?" मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आता बाहेरची एक वेगळी डिस्क घेतली आहे. दर रविवारी कॉपी करतो आणि ती कॉम्प्युटरपासून लांब, देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवतो.

परवा रात्री दोन वाजता पुन्हा टक् टक् टक्. मी अंथरुणातून उडीच मारली. स्विच बंद केला, प्लग उपटला, अंधारात टेबलापाशी श्वास रोखून उभा राहिलो. टक् टक् टक्. आवाज चालूच! दिवा लावला. ट्यूबलाइटच्या मागून एक गलेलठ्ठ, जिवंत, खरीखुरी पाल माझ्याकडे बघत होती.

"अगं, ऊठ!" मी हिला हलवून हलवून जागं केलं. "पाल आहे! पाल!"

आतून आई म्हणाली, "कृष्ण कृष्ण."