धरायचं नाही!

माझ्याकडे काहीही फेकू नका, अशी विनंती मी घरात, सोसायटीत आणि भाजीवाल्याकडेसुद्धा करून ठेवली आहे. किल्ल्या, रिमोट, वरचं लिंबू, काहीही नको. फेकलेली वस्तू झेलून हातात ठेवणं मला जमतच नाही. बोटांना लागते न लागते तोच ती पुन्हा वर उडालेली असते. कॉलेजात तीन वर्षं व्हॉलीबॉल खेळले, त्याची एवढी एकच खूण टिकून आहे. दुसरी खूण उजवा गुडघा, पण तो टिकून आहे असं म्हणवत नाही.

व्हॉलीबॉलमध्ये चेंडू धरला की फाउल. क्रिकेटवाला झेल धरतो आणि वर नाचतो. कबड्डीवाल्या तर अख्खी बाई धरतात. आमचा चेंडू जेमतेम 260 ते 280 ग्रॅमचा, पावशेर भेंडीहून किंचित जड, पण तो क्षणभरही जवळ ठेवायची सोय नाही. ‘धरू नको गं!’ हे सरांचं वाक्य माझ्या कानावर सकाळी साडेपाचला पडायचं. घरात तेव्हा दूधसुद्धा आलेलं नसायचं.

मी लिफ्टर होते. तीन टचमधला मधला टच माझा. पहिली पोरगी समोरची सर्व्हिस उचलणार, मी चेंडू जाळीपाशी उंच करून देणार आणि तिसरी स्मॅश मारून टाळ्या घेणार. फोटोही तिचाच. आमच्या वार्षिक अंकात छापलेल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात एक कोपर दिसतं, ते माझं. ते मी माहेरी सगळ्यांना दाखवलं होतं.

तर चेंडू धरायचा नाही. मग तीन वर्षं केलं काय? बाकीचं सगळं धरलं.

पहिल्यांदा खांब धरला. मैदान मुरमाचं आणि एकटं आमचं नव्हतं. संध्याकाळी तिथे एनसीसीची परेड, दुपारी स्कूटर शिकणारे, आणि गणपतीच्या दिवसांत मांडव. म्हणून जाळी रोज बांधायची, रोज सोडायची. दोघींनी खांब धरायचा, तिसरीने तारेला लोंबकळायचं. मुलींची जाळी 2.24 मीटर उंच हवी, पण जिमखान्यातली टेप 1.80 वर तुटलेली होती. त्यामुळे सर हात वर करायचे आणि त्यांचं मधलं बोट पोचेल तिथे आम्ही जाळी बांधायचो. सर रजेवर असले की हात वर करायचं काम शिपाईमामांकडे. मामा बुटके. त्या दिवशी आमच्या सगळ्या स्मॅशर आंतरराष्ट्रीय दर्जाचं खेळायच्या.

मग दम धरला. हल्लीच्या पोरींना हे सांगून पटत नाही. आता सेट 25चा आणि प्रत्येक रॅलीला कुणालातरी गुण. आमच्या वेळी सेट 15चा, पण गुण मिळणार फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघाला. समोरच्यांची सर्व्हिस असताना जिवाचं रान करून रॅली जिंकलात, तर बक्षीस काय? सर्व्हिस! ती पुढच्या रॅलीत घालवलीत की पुन्हा त्यांच्याकडे. 4-4 वर वीस-वीस मिनिटं काढलीत आम्ही. गुणफलक धरून बसलेली मुलगी खुशाल स्वेटर विणायची. 1998 नंतर नियम बदलला. टीव्हीवाल्यांना सामना कधी संपेल ते कळेना म्हणे. आम्हालाही कळत नव्हतं, शेवटची एसटी गाठायची असायची, पण आमच्यासाठी कुणी नियम बदलला नाही. मी बी.कॉम. होऊन बाहेर पडले आणि खेळ आटोपशीर झाला.

त्यानंतर पँट. स्पर्धेपुरता ट्रॅकसूट कॉलेजचा मिळायचा आणि स्पर्धा संपली की धुऊन परत करायचा. तो मुलांच्या मापाचा आणि इलॅस्टिक आधीच्या चार-पाच तुकड्यांनी संपवलेलं. उद्घाटनाच्या संचलनात उजव्या हाताने मानवंदना देताना डाव्या हाताने पँट धरावी लागायची. आमची अख्खी रांग तशी चालायची. पाहुण्यांना ती आमच्या कॉलेजची खास पद्धत वाटली असावी. एकांनी भाषणात शिस्तीचं कौतुक केलं.

आणि मग पाय धरले. 75 टक्के हजेरी हवी, आणि आमचे सामने नेमके चाचणीच्या आठवड्यात. मैदानावर उशीर झाला तर सर म्हणायचे, ‘तुम्ही अभ्यासू माणसं, कशाला येता?’ वर्गात उशीर झाला तर मॅडम म्हणायच्या, ‘पदवीही मैदानावरच घ्या.’ खेळाडूंना दहा वाढीव गुण मिळायचे, पण त्यासाठी अर्जावर सह्या हव्यात. जिमखान्याची, विभागप्रमुखांची, हेडक्लार्कची, प्राचार्यांची, आणि ट्रॅकसूट परत केल्याची पावती. या सह्यांसाठी मी जेवढी धावले तेवढी कोर्टवर कधीच धावले नाही. कोर्ट मुळात अठरा मीटर लांब, त्यातलं अर्धंच आपलं. हेडक्लार्कचं टेबल मात्र कायम तिसऱ्या मजल्यावर, आणि ते स्वतः चहाला तळमजल्यावर. स्टॅट्सच्या पेपरात मला नऊ गुण कमी पडले होते. दहातला एक उरला, तो मी अजून कुठे वापरलेला नाही.

तिसऱ्या वर्षी माझी विद्यापीठाच्या संघात निवड झाली, पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी. बारा जणींत मी बारावी. स्पर्धा राजस्थानात, आरक्षण पाच बर्थचं, म्हणजे एका बर्थवर दोघी डोकं-पाय करून आणि उरलेल्या दोघी चेंडूंच्या जाळीवर. माझ्या वाट्याला चेंडू आले. रात्रभर चेंडूंवर झोपून बघा, पाठीला प्रत्येक शिवण वेगळी कळते. भत्त्याच्या कागदावर सही केली की दोन केळी आणि एक उकडलेलं अंडं. शाकाहारी मुलींना अंड्याऐवजी तिसरं केळं मिळायचं. अंडं मोठं की केळं, यावर आमच्यात एक दिवस अबोला होता.

तीन दिवस मी बाकावर बसून टॉवेल धरला. शेवटच्या सामन्यात आम्ही सपाटून हरत होतो, तेव्हा सरांनी बोट दाखवलं. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. आत गेले, सर्व्हिस केली, चेंडू जाळीत. शिट्टी झाली आणि मी परत बाकावर. नाशिकला उतरले तर आई-बाबा हार घेऊन सीबीएसवर, म्हणजे एसटी स्टँडवर, हजर. पुढे लग्नाच्या बायोडेटात ‘राज्याबाहेर विद्यापीठाचं प्रतिनिधित्व’ असं लिहिलं गेलं, आणि ते खरंच होतं.

व्हॉलीबॉल 1895 साली अमेरिकेतल्या होल्योक गावात विल्यम मॉर्गनने काढला, हे मला फार उशिरा कळलं. तो तिथल्या वायएमसीए या तरुणांच्या ख्रिस्ती संस्थेचा शारीरिक संचालक, म्हणजे पीटीचे सरच. बास्केटबॉलची धसमुसळ न झेपणाऱ्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांसाठी त्याने हा सौम्य खेळ बेतला होता. जाळी साडेसहा फुटांवर. म्हणजे अगदी शिपाईमामांच्या बोटावर! हा खेळ मुळात माझ्या आताच्या वयासाठी होता आणि मी तो विसाव्या वर्षीच संपवून बसले. आता वय आलंय तर डॉक्टर म्हणतात, जिना उतरताना कठडा धरा.

मुलगी झाली तेव्हा नर्सने तिला माझ्याकडे देताच नवरा घाईघाईने कानाशी आला आणि म्हणाला, ‘हे बघ, धरायचं. लिफ्ट नाही करायचं.’ मी धरलं. गेल्या एकोणीस वर्षांत न पाडता धरलेली ती एवढी एकच गोष्ट असेल, आणि तीही आता ‘आई, सोड ना’ म्हणते.

परवा सकाळी तिला घाई होती. मी ओट्याशी. तिने दारातूनच पोह्यांचा रिकामा डबा माझ्या दिशेने फेकला. मी बघितलंही नाही. दहा बोटं आपोआप कपाळावर गेली, गुडघे वाकले, आणि डबा सुरेख गोल वळण घेत जाळीपासून हातभर अंतरावर, म्हणजे फ्रिजच्या बाजूला, बरोब्बर स्मॅशरच्या जागेवर उतरला. पंचवीस-सव्वीस वर्षांत इतकी चोख लिफ्ट झाली नव्हती.

तिथे स्मॅशर नव्हती. सासूबाई होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी डबा धरला आणि छातीशी कवटाळून उभ्या राहिल्या.

‘फाउल!’ मी ओरडले.