मला थंडी वाजत होती हो!

आज ऑफिसात ट्रेनिंग होतं. स्क्रीनवर मोठ्ठा आकडा: ९३ टक्के संवाद शब्दांशिवाय होतो. आणि मग शिकवणाऱ्या पोराने सगळ्यांसमोर मलाच धरलं. "मॅडम, आप हाथ बाँधके बैठी हैं, मतलब डिफेन्सिव हैं." अरे बाबा, एसीचा झोत थेट माझ्या डोक्यावर होता! बाहेर इंदूरचं ऊन, आत हिमालय.

आणि ते ९३? मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली दोन प्रयोगांचे आकडे जोडले: शब्द ७, आवाज ३८, चेहरा ५५. प्रयोग सुट्या शब्दांचे, टेपवरचा आवाज नि फोटोतले चेहरे दाखवून. बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं. भावना सोडून बाकी कशाला हे लावू नका, असं ते स्वतःच सांगून बसलेत. नाहीतर किराण्याची चिठ्ठी धाडली की सातच टक्के सामान यायचं!

मला आपले नाना आठवले, माझे सासरे. रामबागेतल्या घरात स्वयंपाकघराच्या अलीकडे बोळात थांबून खाकरायचे. एकदाच, कोरडं. सासूबाई पदर सावरायच्या, जाऊबाईंची नक्कल अर्धी राहायची. शब्द एक नाही, निरोप पोचला. अशाब्दिक संवादाची अभ्यासकांची व्याख्या तरी काय वेगळी आहे? शब्दांवाचून दिलेला निरोप: नजर, हातवारे, मधलं अंतर, आवाजाची पट्टी. म्हणून नानांचं खाकरणं आवाज असून अशाब्दिक, आणि मूकबधिरांची खुणांची भाषा आवाज नसून शाब्दिक, कारण तिला शब्द आहेत, व्याकरण आहे.

पण सर्दी झाली की नाना माजघरात पडल्या पडल्या खोकायचे, तरी आमचे हात पदराकडे जायचेच. हा संवाद झाला का? वॉट्झलाविक नावाचे संवादाचे अभ्यासक म्हणतात, माणसाला काहीच न सांगता राहता येत नाही. दुसरे म्हणतात, हेतू हवा. निदान चारचौघांत ठरलेला अर्थ तरी हवा. मी दुसऱ्यांच्या बाजूची. आजपासून तर पक्की.

बरं, मी वैतागले होते आणि ते तोंडावर दिसलं असेल. तेवढं त्याचं बरोबर.

सासूबाई गेल्यावर स्वयंपाकघरात मी एकटी, तीही गाऊनवर. सावरायला पदरच नाही. तरी नाना बोळात खाकरायचे. मी "या ना नाना" म्हटलं की आत येऊन आपला कप विसळायचे. मी म्हणेपर्यंत बोळातच उभे. हेतू होता की नुसती सवय, कधी विचारलं नाही.

उद्या ट्रेनिंगचा दुसरा दिवस. शाल नेतेय.